ऑटिझमचं कारण शोधतात तरी कसं?

वर्षातून दोन-तीनदा तरी एक बातमी आपल्या वाचनात येते: ‘ऑटिझमचं कारण सापडलं.’ कधी ते कारण लस असतं, कधी गरोदरपणात घेतलेली तापाची गोळी, कधी पोटातले जिवाणू. ज्या घरात स्वमग्न मूल आहे, तिथे ही बातमी चहूबाजूंनी येऊन पोचते. मावशी पाठवते, सोसायटीच्या गटावर येते, शाळेतल्या बाई हळूच विचारतात. आणि त्या मुलाची आई पुन्हा एकदा ते नऊ महिने मनात उलगडून बघते. काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, कुठे गेले होते.

अशा बातमीची पारख करायला डॉक्टर असावं लागत नाही. संशोधक कोणत्या वाटेनं जातात आणि त्या वाटेवर पाय कुठे घसरतो, एवढं ठाऊक असलं तरी पुष्कळ कळतं. ती वाट आज आपण सावकाश चालून बघू. जीवशास्त्र शाळेनंतर सुटलं असलं तरी काही अडणार नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही मेंदूची जडणघडणच वेगळ्या तऱ्हेनं होण्याची अवस्था आहे. माणसांशी देवाणघेवाण करण्याची रीत वेगळी असते, काही गोष्टी पुन्हा पुन्हा तशाच करायच्या असतात, आवाज, स्पर्श किंवा उजेड फार तीव्र जाणवतो, नाहीतर फार मंद. एक मूल मुळीच बोलत नाही. दुसरं लोकलचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ सांगतं, पण वर्गातल्या मुलाशी गप्पा कशा सुरू करायच्या हे त्याला उमगत नाही. दोघांना नाव एकच. हे एकच नाव पुढे पावलोपावली आडवं येणार आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवूया.

आता पहिली पायरी: अभ्यासात घ्यायचं कोणाला? मधुमेह रक्तातल्या साखरेवरून कळतो. ऑटिझमसाठी अशी रक्ताची चाचणी नाही आणि मेंदूच्या चित्रावरूनही निदान होत नाही. जाणकार माणूस मुलाबरोबर खेळतो, त्याच्याकडे बघतो, आईवडिलांशी तपशिलात बोलतो आणि ठरवतो. त्यासाठी ठरलेले तक्ते असतात. भारतात सरकारी प्रमाणपत्रासाठी जो तक्ता वापरला जातो, त्याचं इंग्रजी लघुरूप ‘आयसा’. त्यात ४० मुद्दे आहेत.

पहिली घसरण इथेच होते. एका देशात बनवलेला तक्ता दुसऱ्या देशात जशाच्या तसा लावला, तर मोठ्यांच्या डोळ्याला डोळा न भिडवणारं संस्कारी मूलही संशयात येऊ शकतं. शांत बसणाऱ्या, इतर मुलींची नक्कल करून वेळ निभावून नेणाऱ्या मुली तर वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेतच येत नाहीत. भारतात किती मुलांना अशा अडचणी आहेत हे घरोघरी जाऊन तपासणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ठिकाणी तो झाला, त्यातलं एक उत्तर गोवा. दोन ते नऊ वर्षांच्या साधारण शंभरातल्या एका मुलात ऑटिझम आढळला. त्या अभ्यासाआधी देशातच घडवलेल्या, आपल्या भाषांत विचारता येणाऱ्या प्रश्नावल्या तयार कराव्या लागल्या होत्या. मोजायची पट्टीच वाकडी असेल, तर पुढचं सगळं गणित वाकडं येतं.

‘हल्ली ऑटिझम फार वाढलाय’ या वाक्याची पारखही इथेच करता येते. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांमागे एकाची नोंद होती. २०२२ च्या मोजणीत ३१ मुलांमागे एक. या बावीस वर्षांत व्याख्या रुंदावली, लहान वयात तपासणी सुरू झाली, शाळांमधून मदत मिळू लागली म्हणून पालक निदानासाठी पुढे आले. पूर्वी ज्याला मतिमंद किंवा नुसतंच विचित्र म्हणून बाजूला बसवलं जायचं, त्याचंही निदान होऊ लागलं. या वाढीतला मोठा वाटा मोजण्याचा आहे. वाढलेला आकडा दाखवून कोणी त्याच काळात बाजारात आलेल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवलं, तर आपण सावध व्हायला हवं.

दुसऱ्या पायरीवर संशोधक घराण्याकडे बघतात. इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्यात कित्येक आयांचा छळ दडलेला आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन लिहिलं आणि ही अवस्था जन्मापासूनची दिसते असंच म्हटलं. पण नंतर वारं फिरलं. आई थंड स्वभावाची, मायेचा ओलावा नसलेली, म्हणून मूल आत मिटून गेलं असं मोठमोठे लोक सांगू लागले. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. याला कसलाही पुरावा नव्हता. एका स्वमग्न मुलाचे वडील आणि स्वतः मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच मूळ शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही, असं लिहून ठेवलं होतं. पण समजुतीला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागतं, आणि ते आकडे दिले जुळ्यांनी.

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेली एकसारखी जुळी. यांची जनुकं, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या शरीर घडवण्याच्या सूचना, जवळजवळ तंतोतंत सारख्या. आणि दोन वेगळ्या बीजांपासून झालेली जुळी. ती इतर सख्ख्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच गर्भाशयात, एकाच वेळी वाढतात आणि बहुतेकदा एकाच घरात. तेव्हा एकसारख्या जुळ्यांमध्ये ऑटिझम जोडीनं जास्त आढळला, तर हात जनुकांचा असणार.

सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनभर शोधून अशा २१ जोड्या गोळा केल्या आणि १९७७ मध्ये निकाल मांडला. एकसारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न होते. वेगळ्या बीजांच्या १० जोड्यांपैकी अशी एकही नव्हती. अभ्यास केवढासा, पण ‘थंड आई’ची कल्पना त्यानं मुळापासून हलवली. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ऑटिझमच्या शक्यतेतल्या फरकांपैकी सुमारे ८० टक्के फरक जनुकांशी निगडित निघाला.

या ८० टक्क्यांचा अर्थ लावताना भलेभले चुकतात. ‘माझ्या मुलाचा ऑटिझम ८० टक्के माझ्याकडून आला’ असा त्याचा अर्थ नाही. समाजात एका मुलात ऑटिझम आहे आणि दुसऱ्यात नाही, हा जो फरक दिसतो, तो किती अंशी जनुकांतल्या फरकांमुळे, एवढंच तो आकडा सांगतो. एखाद्या घरात काय घडलं याविषयी तो मुका आहे. उरलेले २० टक्के म्हणजे ‘आईची चूक’ असंही मुळीच नाही.

जनुकं आहेत हे कळलं, पण कोणती? ही तिसरी पायरी, आणि सगळ्यात लांबलचक.

जनुकांचा संच म्हणजे सुमारे वीस हजार पाककृतींचं पुस्तक समजूया. प्रत्येक पेशी या पुस्तकातली हवी ती पाककृती काढते आणि त्याप्रमाणे प्रथिन बनवते. पुस्तकात छपाईच्या चुका होतात. ‘चिमूटभर मीठ’चं ‘मूठभर मीठ’ झालं, तर अक्षरं जेमतेम बदलली, पण भाजी गेली. कधी एखादं पानच गळतं, कधी एक पान दोनदा बांधलं जातं. बहुतेक चुका मात्र निरुपद्रवी असतात. ‘वेलची’ऐवजी ‘वेलदोडा’ छापल्यानं खीर बिघडत नाही. अशा फरकांचा ढीग आपल्या प्रत्येकात आहे. त्या ढिगातून नेमकी भाजी बिघडवणारी चूक शोधायची, हेच सगळं कष्टाचं काम.

त्यासाठी मूल, आई आणि वडील अशा तिघांची लाळ किंवा रक्त घेतात. तिघांची पुस्तकं अक्षर न् अक्षर वाचून शेजारी ठेवतात. मुलात आहे, पण आईतही नाही आणि वडिलांतही नाही, अशी चूक सापडली तर ती नव्यानं घडलेली. ती बीज तयार होताना किंवा गर्भ रुजल्यावर झालेली नकलेतली चूक असते. ती कोणी करत नाही आणि कोणाला टाळताही येत नाही. अशा नव्या चुका प्रत्येक बाळात असतात, आपल्यातही आहेत. आइसलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की वडील वीस वर्षांचे असतील तर त्यांच्याकडून साधारण २५ नवे बदल येतात, आणि चाळीस वर्षांचे असतील तर ६५ च्या आसपास. शुक्राणूंच्या नकला आयुष्यभर निघत राहतात, म्हणून वयाबरोबर हा आकडा चढतो. बोट नेहमी आईकडे दाखवलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण एका मुलात चूक सापडली, एवढ्यानं कारण सिद्ध होत नाही. इथे संशोधक वाट बघतात. एकमेकांशी काही नातं नसलेल्या अनेक कुटुंबांतल्या मुलांत एकाच पाककृतीत नवी चूक निघाली, तर तो योगायोग म्हणता येत नाही. यासाठी माणसं हजारोंनी लागतात. २०२० मध्ये ३५,५८४ जणांची जनुकं वाचून झालेल्या अभ्यासात, ज्यांतले ११,९८६ स्वमग्न होते, १०२ जनुकं पक्की धरली गेली. त्याआधी, नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षं, शंभर-दोनशे मुलांवरून ‘ऑटिझमचं जनुक’ म्हणून बरीच नावं जाहीर झाली होती. मोठ्या अभ्यासांत त्यांतली बहुतेक टिकली नाहीत. तेव्हा बातमीत पहिल्यांदा किती माणसं तपासली ते बघायचं.

दुसऱ्या जातीचे फरक याहून वेगळे. ते आपल्या सगळ्यांमध्येच थोडेथोडे असतात, प्रत्येकाचा परिणाम कणभर, पण शेकडो एकत्र आले की पारडं झुकतं. ते शोधायला डेन्मार्कचा मोठा उपयोग झाला. तिथे नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे वाळलेले थेंब गेली चाळीस वर्षं जपून ठेवलेत. मुख्यतः त्या थेंबांच्या आधारे २०१९ मध्ये १८ हजारांवर स्वमग्न व्यक्तींची तुलना इतरांशी झाली आणि पहिल्या पाच जागा खात्रीनं हाती लागल्या. एवढ्या खटाटोपातून पाच! त्यामुळे गालाच्या आतून कापूस फिरवून ‘तुमच्या बाळाला ऑटिझम होणार का’ हे सांगणारी चाचणी कोणी विकत असेल, तर आपण पैसे खर्चू नयेत. अशी चाचणी आज कोणाकडेही नाही.

निदान झालेल्या मुलासाठी डॉक्टर जी जनुकीय तपासणी सुचवतात, तिची गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ ‘फ्रॅजाइल एक्स’. यात एका जनुकाच्या तोंडाशी तीच तीन अक्षरं अडखळल्यासारखी पुन्हा पुन्हा छापली जातात. एरवी तीसेक वेळा. दोनशेच्या पुढे गेली की ती पाककृती कुलूपबंद होते. १९९१ मध्ये हे उकललं. ऑटिझमच्या एकेकट्या जनुकाशी जोडलेल्या कारणांत हे सर्वांत जास्त आढळणारं. ते घराण्यात पुढे जाऊ शकतं, म्हणून मावशी, मामा, पुढचं बाळ या सर्वांसाठी त्या तपासणीला अर्थ असतो.

जनुकाचं नाव कळलं तरी ते जनुक करतं काय, हे कळायचं असतं. या पायरीवर प्रयोगशाळा सुरू होते, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून बघता येत नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी यावर वाट काढून दिली. त्वचेच्या साध्या पेशीला उलट्या पावली चालवत नेऊन गर्भातल्या पेशीसारखं कोरं करता येतं, हे त्यांनी २००६ मध्ये उंदरांत आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींत दाखवलं. त्या कोऱ्या पेशींपासून मेंदूच्या पेशी वाढवता येतात. म्हणजे एखाद्या मुलाच्या त्वचेचा किंवा रक्ताचा नमुना घेतला, की त्याच मुलाच्या चेतापेशी बशीत वाढवून बघता येतात. २०१३ पासून तर त्यांचे वाटाण्याएवढे गोळे वाढवता येऊ लागले.

टिमथी सिंड्रोम नावाच्या अत्यंत दुर्मीळ आजारात हे फार नेटकं दिसलं. त्यात हृदयाचा दोष असतो आणि बहुतेकदा ऑटिझमही. मूळ एका अक्षराच्या चुकीत. चेतापेशीच्या भिंतीत कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. ही चूक असली की दार बंद व्हायला वेळ लागतो आणि कॅल्शियम जास्त आत शिरतं. स्टॅनफर्डमधल्या सर्ज्यू पास्का यांच्या गटानं रुग्णांच्या पेशींपासून वाढवलेल्या चेतापेशींत हे बघितलं. मग २०२४ मध्ये बिघडलेल्या पाककृतीची नक्कल कमी करणारा एक छोटा रेणू वापरून बशीतल्या पेशींचा, आणि उंदराच्या मेंदूत रुजवलेल्या त्याच पेशींचा दोष सुधारून दाखवला. एका अक्षरापासून उपायाच्या उंबऱ्यापर्यंतचा हा प्रवास आहे. मात्र माणसावरचा उपचार अजून व्हायचाय, आणि हे एका दुर्मीळ प्रकाराबद्दल आहे.

बशीतल्या गोळ्याला रक्तवाहिन्या नसतात. त्यानं अंगाई ऐकलेली नसते, आजीचा चेहरा बघितलेला नसतो. त्याची घडण बहुतेकदा गर्भातल्या मेंदूच्या टप्प्यापर्यंतच पोचते. म्हणून पुढचा आधार प्राण्यांचा.

एखादं जनुक बंद केलेला उंदीर तीन खोल्यांच्या पेटीत सोडतात. एका कडेला दुसरा उंदीर, दुसऱ्या कडेला निर्जीव वस्तू. तो कुठे जास्त वेळ रमतो ते मोजतात. शँक-३ हे जनुक दोन चेतापेशींच्या जोडणीच्या जागी खांबासारखं काम करणारं प्रथिन बनवतं. ते बिघडवलेल्या काही उंदरांनी स्वतःचं अंग जखमा होईपर्यंत चाटून साफ केलेलं दिसलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या संस्थांतही फ्रॅजाइल एक्ससारख्या अवस्थांवर उंदरांत काम चालतं.

मासेही कामी येतात. सीएचडी-८ या जनुकात बिघाड असलेल्या मुलांत डोकं मोठं असणं आणि बद्धकोष्ठाचा त्रास वारंवार दिसला होता. २०१४ मध्ये झेब्रा माशात तेच जनुक मंद केलं, तर माशाचं डोकं रुंद झालं आणि आतड्यातून अन्न सरकण्याचा वेग घटला, कारण आतड्यातल्या चेतापेशीच कमी होत्या. हा इवलासा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नद्यांचा. ‘पोट साफ होत नाही हो’ ही आईची तक्रार डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बाजूला सारली असेल, तर तिला या माशानं दुजोरा दिला असं मी मानतो.

या पायरीवरची घसरण मोठी आणि महागडी आहे. फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांत एका औषधानं छान सुधारणा झाली. माव्होग्लुरंट हे त्याच जातीचं औषध माणसांना देऊन पाहिलं, तेव्हा अपेक्षित फरक दिसला नाही आणि २०१४ मध्ये ते काम थांबलं. किती घरांनी त्या औषधावर डोळे लावले असतील! उंदीर बोलत नाही, शाळेत जात नाही, त्याचं बालपण काही आठवड्यांचं. ‘उंदरांत ऑटिझम बरा झाला’ अशी बातमी आली, तर त्यातला ‘उंदरांत’ हा शब्द मोठ्या अक्षरांत वाचायचा.

आता मेंदूकडे थेट बघण्याची पायरी. मृत्यूनंतर कुटुंबांनी दान केलेले मेंदू अभ्यासले जातात. ते आधीच मोजके. त्यात २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या मेंदू-पेढीतलं शीतकपाट बंद पडलं आणि सुमारे दीडशे मेंदू वितळले; त्यातले पन्नासहून जास्त ऑटिझमच्या संशोधनासाठी ठेवलेले होते. एका बिघाडानं ते शास्त्र काही वर्षं मागे गेलं.

जिवंत मेंदूचं चित्र चुंबकाच्या यंत्रात, म्हणजे एमआरआयमध्ये, काढतात. त्यासाठी निश्चल पडावं लागतं. स्वमग्न मुलाला त्या खडखडाटात, अरुंद नळीत स्थिर राहणं अवघड. पूर्वीच्या अनेक चित्रांत मेंदूतल्या जोडण्या कमकुवत दिसल्या. २०१२ च्या सुमारास लक्षात आलं, की डोकं किंचित हललं तरी जोडण्या तशाच दिसतात. म्हणजे काही निष्कर्ष मेंदूचे नव्हते, चुळबुळीचे होते.

त्यावर उपाय म्हणून काही गट बाळं झोपेत असताना चित्र काढतात. ज्यांचं मोठं भावंड स्वमग्न आहे अशी बाळं निवडतात, कारण त्यांच्यात साधारण पाचातल्या एकाला पुढे ऑटिझमचं निदान होतं. २०१७ मध्ये अशा बाळांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना पुढे निदान झालं त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग सहा ते बारा महिन्यांच्या काळात जास्त वेगानं पसरत होता. निदान होण्याच्या कितीतरी आधी. ऑटिझमशी जोडलेली बरीचशी जनुकं गर्भारपणाच्या मधल्या काळात, मेंदूचं बाहेरचं आवरण घडताना कामात असतात, हेही २०१३ मध्ये दिसलं होतं. दोन्ही धागे एकच सांगतात: सुरुवात फार आधी होते. मुलाला टीव्ही दाखवण्याच्या, पाळणाघरात ठेवण्याच्या कितीतरी आधी.

शेवटची पायरी परिसराची, आणि बातम्या सर्वांत जास्त इथूनच निघतात. गर्भावर बाहेरून परिणाम होतो, यात शंका नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६४ च्या रुबेलाच्या साथीत गर्भात संसर्ग झालेल्या २४३ मुलांचा स्टेला चेस यांनी पाठपुरावा केला, तेव्हा ऑटिझम अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाला. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतलं तर शक्यता वाढते: डेन्मार्कमध्ये अशा मुलांत सुमारे ४.४ टक्के, एरवी १.५ टक्के. आपल्या घरात कोणी हे औषध घेत असेल तर ते मनानं बंद करू नये. फिट येणं आईला आणि बाळाला दोघांना धोक्याचं. मूल होऊ देण्याचा विचार सुरू होताच डॉक्टरांशी बोलावं, दुसरी औषधं असतात.

रुबेला आणि व्हॅल्प्रोएट कसोटीला उतरले. बाकीच्या बहुतेक दाव्यांची अडचण अशी, की दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. जूनमध्ये छत्र्या उघडतात आणि पाऊसही येतो. पॅरासिटामॉलचंच बघा. गरोदरपणात ही गोळी घेणाऱ्या आयांच्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त दिसत होता. पण गोळी घेतात कोण? ज्यांना ताप येतो, दुखतं, अर्धशिशी आहे. म्हणजे ताप, आजार, आईची जनुकं, सगळंच त्या गोळीबरोबर आलं.

हा गुंता सोडवायला संशोधक सख्खी भावंडं घेतात. आई तीच, घर तेच. एका वेळी गोळी घेतली, दुसऱ्या वेळी नाही. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदींतून अशी तुलना झाली आणि २०२४ मध्ये निकाल आला: भावंडांमध्ये काही फरक नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर बायकांना ही गोळी टाळायला सांगितलं, आणि आपल्याकडेही घरोघरी घबराट झाली. गरोदरपणातला चढलेला ताप अंगावर काढणं बाळासाठी चांगलं नसतं. तेव्हा डॉक्टर सांगतील तेवढी गोळी घ्यावी.

लसीची कथा आणखी जुनी. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेतला. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्यांची डॉक्टरकी काढून घेण्यात आली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा पाठपुरावा २०१९ मध्ये छापून आला. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नव्हता. मग इतक्या पालकांना तसं का वाटतं? गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे नवव्या महिन्यानंतर आणि मग दीड वर्षाच्या सुमारास देतात, आणि बोलणं मागे पडलेलं, नावानं हाक मारली तरी मूल वळत नाही, हे नेमकं त्याच वयात ध्यानात येतं. पालक खोटं बोलत नसतात. त्यांनी दोन गोष्टी एकापाठोपाठ बघितलेल्या असतात.

कधी बाणाचं टोकच उलटं असतं. स्वमग्न मुलांच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात, म्हणून ते कारण, असं बरेच दिवस म्हटलं जायचं. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या अभ्यासानं मुलं खातात काय तेही विचारलं. ज्या मुलाला फक्त वरणभातच चालतो, त्याच्या पोटात जिवाणूंची विविधता येणार कुठून? ऑटिझममुळे खाणं मोजकं, आणि खाणं मोजकं म्हणून जिवाणू वेगळे. महागड्या पुड्या आणि आहारबंधनं विकणाऱ्यांनी हे पालकांना सांगायला हवं होतं.

आणि ते एकच नाव? २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पाच हजारांहून जास्त मुलांच्या सवयी, विकास आणि जनुकं एकत्र ठेवली, तेव्हा चार वेगळे गट पडले, आणि प्रत्येकाच्या मागचे जनुकीय धागेही वेगळे निघाले. ‘ऑटिझमचं कारण’ असा एकवचनी प्रश्नच बहुधा चुकीचा आहे. म्हणून एक कारण सांगणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवायला मी तयार होत नाही.

हे संशोधन कशासाठी, असं स्वमग्न प्रौढ आता उघड विचारतात, आणि त्यांना तो हक्क आहे. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये दहा हजार स्वमग्न लोकांची जनुकं गोळा करण्याचा प्रकल्प जाहीर झाला आणि त्यांच्याच विरोधामुळे काही आठवड्यांत थांबवावा लागला. आमची माहिती उद्या आम्हाला जन्मालाच न घालण्यासाठी वापरली जाईल का, ही त्यांची भीती होती. आपल्या मुलाची लाळ कोणी संशोधनासाठी मागितली, तर ती कुठे ठेवणार, कोणाला देणार, नको वाटलं तर परत घेता येईल का, हे विचारावं. उत्तरं पटली तर जरूर द्यावी. आजवर वाचलेली बहुतेक जनुकं युरोपीय वंशाच्या लोकांची आहेत. आपल्या मुलांविषयी बोलायला आपली मुलं त्या अभ्यासांत असावी लागतात.

एवढी वाट आपण माझ्याबरोबर चाललात, तर एक विनंती करतो. ओळखीच्या घरात मुलाचं निदान झाल्याचं कळलं आणि आपण भेटायला गेलात, तर मुलाशी खेळा, आईला दोन तास झोपू द्या, शाळा शोधायला मदत करा. ‘गरोदरपणी काही वेगळं खाल्लं-घेतलं होतंस का गं?’ हे मात्र तिला विचारू नका.